दुसऱ्या दिवशी परत जाणं

आम्ही बेलवलीहून बोलतोय. बदलापूर पश्चिमेचं हे आमचं बेलवली. गाव म्हणायचं ते सवयीनं. एका अंगाला जुनं गावठाण, मध्ये चाळी, पलीकडे उंच इमारती. कोणी इथलेच आगरी-कुणबी, कोणी नगर-जालन्याकडून आलेले, कोणी खानदेशातले, कोणी उत्तरेकडचे. आमच्या बचत गटांतही तसंच आहे. काही जणी हिंदू, काही बौद्ध, आणि आम्ही काही जणी ख्रिस्ती. बैठकीला सगळ्या एकाच सतरंजीवर बसतो.

नाताळ जवळ आलाय. ख्रिस्ती घरांत करंज्या-शंकरपाळ्यांची तयारी सुरू झाली आहे, दारावर चांदण्या लागतायत. म्हणून रेडिओच्या ताईंनी सांगितलं, की या वेळी ख्रिस्ती प्रीतीवर बोला, पण रोजच्या वागण्यातली सांगा. आम्ही बैठकीत हा विषय काढला तर एक जण हसायलाच लागली. म्हणाली, "प्रीती म्हटलं की मला सिनेमाच आठवतो." खरं आहे. पण मराठी बायबलात प्रेमाला प्रीती हाच शब्द आहे, आणि चर्चमध्ये तो दर रविवारी कानावर पडतो. इतका पडतो, की त्याचा अर्थ काय, हे विचारायचं राहून जातं. आज आम्हाला जे उमगलंय ते सांगतो. ते आम्हाला चुका करूनच उमगलं, म्हणून आधी चूक सांगतो.

२०१९ चा जुलै महिना तुमच्यातल्या पुष्कळ जणींना आठवत असेल. २६ जुलैच्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकली. उल्हास नदी रुळांवर आली होती. गाडीत हजाराहून जास्त माणसं, त्यात गरोदर बाया, तान्ही मुलं. दुसऱ्या दिवशी एनडीआरएफचे जवान बोटी घेऊन आले, नौदल आलं, हेलिकॉप्टर आलं, आसपासच्या गावांतली माणसं धावली, आणि सगळे प्रवासी सुखरूप बाहेर निघाले. त्या दिवशी आपल्या भागातल्या कोणीही कोणाला जात विचारली नाही की धर्म विचारला नाही. ही गोष्ट अभिमानानं सांगावी अशीच आहे.

त्याच पुराचं पाणी सखल भागातल्या घरांतही शिरलं होतं. आमच्या ओळखीच्या एक आजी एका चाळीत एकट्या राहायच्या. आम्ही मोठं पातेलं भरून खिचडी केली, चादरी गोळा केल्या, आणि त्या चाळीत जाऊन वाटल्या. आजींच्या हातात चादर देताना फोटो काढला. मोबाईलवर सगळीकडे पाठवला. लोकांनी हात जोडलेली चित्रं पाठवली, आम्हाला बरं वाटलं. मग आम्ही घरी आलो.

दिवाळीच्या सुमारास आमच्यातल्या एकीला त्या आजी वाटेत भेटल्या. तिनं विचारलं, "आजी, कशा आहात?" आजी म्हणाल्या, "खिचडी छान झाली होती गं पोरींनो. पण चिखल मी एकटीनंच काढला." मग हळूहळू कळलं. त्यांचं रेशनकार्ड पाण्यात भिजून त्याचा लगदा झाला होता. नवं काढायला कुठं जायचं, कोणता अर्ज भरायचा, हे त्यांना माहीत नव्हतं. दोन महिने धान्य मिळालं नव्हतं. आमच्या गटात अर्ज भरता येणाऱ्या निदान सहा जणी आहेत. आणि आजींचं घर आमच्या बैठकीच्या जागेपासून दहा मिनिटांवर आहे.

आजींनी रागानं काही म्हटलं नव्हतं. म्हणून तर ते जास्त लागलं.

त्या महिन्याच्या बैठकीत बराच वेळ कोणी बोललंच नाही. मग आमच्यातल्या एक वयानं मोठ्या बाई बोलल्या. त्या मूळच्या नगरकडच्या, ख्रिस्ती, आम्ही सगळ्या त्यांना आत्या म्हणतो. त्यांनी बायबलातली एक गोष्ट सांगितली. ती ख्रिस्ती बायांना पाठ असते, पण बाकीच्यांसाठी आमच्या शब्दांत सांगतो.

लूकच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात, ती गोष्ट आहे. एका शिकल्या-सवरल्या माणसानं येशूला विचारलं, शेजाऱ्यावर प्रेम करायचं ते ठीक, पण माझा शेजारी कोण? तेव्हा येशूनं ही गोष्ट सांगितली. एक माणूस यरुशलेमहून यरीहोला निघाला होता. वाटेत लुटारूंनी त्याला गाठलं, मारलं, कपडेसुद्धा काढून घेतले आणि अर्धमेला टाकून दिलं. त्या वाटेनं एक याजक आला, बघून निघून गेला. एक लेवी आला, तोही निघून गेला. मग एक शोमरोनी आला. यहुदी आणि शोमरोनी यांचं वैर, एकमेकांशी व्यवहार ठेवत नसत. पण तो थांबला. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून त्याला धर्मशाळेत नेलं.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना आठवते. आत्या म्हणाल्या, "पुढचं वाचा." पुढं असं आहे, की तो शोमरोनी रात्रभर तिथं राहिला. दुसऱ्या दिवशी निघताना त्यानं धर्मशाळेच्या माणसाला दोन नाणी दिली, आणि सांगितलं, की याची काळजी घे, यापेक्षा जास्त खर्च झाला तर मी परत येईन तेव्हा देईन.

आत्या म्हणाल्या, "बघा, हिशेबही ठेवला आणि परत यायचंही ठरवलं. आपण पट्टी बांधली आणि घरी आलो."

सख्यांनो, आमच्या बोलण्याचं सार एवढंच आहे. पहिल्या दिवशी सगळेच जातात. कोणी वारलं, कोणी पडलं, कोणाचं घर बुडालं, की पहिल्या दिवशी दारात चपला मावत नाहीत. चौथ्या दिवशी, पंधराव्या दिवशी दारात कोणी नसतं. ख्रिस्ती प्रीती म्हणजे त्या पंधराव्या दिवशी जाणं.

आपल्याला हे नवीन वाटायला नको. बचत गटाची पंचसूत्री आठवा. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशेब. पाचही वेळा 'नियमित' हा एकच शब्द. एकदम पाच हजार टाकून कोणाचा गट उभा राहत नाही, दर महिन्याच्या शंभर-दोनशेनं राहतो. मायेचंही तसंच आहे, हे मात्र आम्ही कधी लावून पाहिलं नव्हतं.

आता दुसरी गोष्ट सांगतो. ही आमच्या गटातलीच आहे, आणि सांगायला थोडी अवघड आहे.

आमच्या एका वहिनींनी गटातून कर्ज घेतलं होतं. बारा हजार बाकी होते. त्या सलग तीन बैठकांना आल्या नाहीत, हप्ताही नाही. नियमाप्रमाणे दंड लागला. कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणे गावी पळाली, कोणी म्हणे पैसे बुडवले. शेवटी वसुलीसाठी दोघींना पाठवायचं ठरलं. त्यातल्या एक आत्या होत्या.

घरी जाऊन पाहतात तर वहिनींचे मालक कामावर पडून कंबर धरून अंथरुणाला खिळलेले. घरात म्हाताऱ्या सासूबाई. वहिनी रात्रंदिवस त्यांचंच करतायत, आणि हप्ता नाही म्हणून तोंड दाखवायची लाज वाटते म्हणून बैठकीला येत नाहीत. आत्यांनी हप्त्याचा विषयच काढला नाही. बाहेर नळाला पाणी आलं होतं आणि कळश्या रिकाम्या होत्या. त्यांनी पदर खोचला आणि पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या परत गेल्या. तिसऱ्या दिवशीही. असं त्यांनी पंधरा-वीस दिवस केलं, आणि बैठकीत कोणाला सांगितलंही नाही.

पण सासूबाईंच्या मनात शंका आली. त्यांनी सरळ विचारलं, "तुम्ही ख्रिस्ती ना? हे पाणी भरता ते आम्हाला चर्चमध्ये न्यायला का?" आत्या म्हणाल्या, "नाही हो. साडेसहाला पाणी जातं, म्हणून येते."

यावर थोडं स्पष्ट बोलायला हवं, कारण हा प्रश्न अनेकांच्या मनात असतो, आणि तो विचारण्यात काही चूक नाही. आपल्याच महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंनाही तो विचारला गेला होता.

रमाबाईंचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे, त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, आणि मुलगीही ते शिकली, त्या काळात. पुढं दुष्काळ पडला. १८७४ मध्ये आई-वडील आणि मोठी बहीण काही महिन्यांच्या अंतरानं गेली, आणि रमाबाई भावाबरोबर उपाशीतापाशी देशभर पायी फिरल्या. नंतर भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आतच नवरा गेला, आणि पदरात लहान मनोरमा. पुढं त्या इंग्लंडला गेल्या, तिथं १८८३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. परत येऊन १८८९ मध्ये त्यांनी विधवा मुलींसाठी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. तिथं कोणाच्या धर्मात ढवळाढवळ करणार नाही, असं ठरलेलं होतं. पण रमाबाई स्वतः प्रार्थना करायच्या तेव्हा काही मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये यावरून पुण्यात मोठा वाद झाला. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी सल्लागार मंडळावरची मोठी माणसं बाजूला झाली. रमाबाईंचं म्हणणं असं, की मी कोणाला बोलावत नाही, पण येणाऱ्याला हाकलणारही नाही. पुढं केडगावला त्यांचं मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणूनच वाढलं.

कोणाचं बरोबर, यावर आजही दोन मतं असतील. आम्ही त्यातून आमच्यापुरता एक नियम घेतलाय. मदतीला अट नाही. घरात पाणी भरायला गेलं तर पाणीच भरायचं. कोणी स्वतःहून विचारलं, की हे बळ तुम्हाला कुठून येतं, तर खरं ते सांगायचं, लपवायचं नाही. पण भुकेल्या माणसाकडून भाकरीच्या बदल्यात काही मागायचं नाही, नाव नाही, धर्म नाही, आणि आभारही नाहीत.

रमाबाईंकडून आम्ही मुख्य गोष्ट शिकलो ती वेगळीच. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. ज्या बाईनं स्वतःच्या घरात भूक पाहिली होती, ती बाई तिथं गेली आणि सुमारे तीनशे मुली-बायांना घेऊन आली. पुण्यात तेव्हा प्लेग होता. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेवर केडगाव आहे, तिथं रमाबाईंनी जमीन घेतली होती. तिथं या मुलींची सोय झाली. १९०० च्या सुमारास गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा पुन्हा तेच केलं. बघता बघता केडगावला हजाराच्या वर बायका-मुली झाल्या.

आता विचार करा. तीनशे मुलींना एक दिवस जेवू घालणं अवघड नाही, चार दानशूर माणसं मिळतात. पण या मुली आजारी होत्या, भेदरलेल्या होत्या. त्यांना रोज न्हाऊ घालायचं, औषध द्यायचं, अक्षर शिकवायचं. रमाबाईंनी तिथं शिवण, विणकाम, शेती, दूधदुभतं, छापखाना असे कितीतरी उद्योग सुरू केले. अंध मुलींना ब्रेल शिकवलं. साध्या बायकांना कळावं म्हणून त्यांनी स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून सोप्या मराठीत बायबलचं भाषांतर केलं, आणि ते तिथल्या बायकांनीच छापलं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. म्हणजे दुष्काळात मुली आणल्या त्याला तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती, आणि त्या केडगावातच होत्या. ती संस्था आजही आहे. पहिल्या दिवसाची दया आणि परत परत जाणारी प्रीती यांतला फरक यात आहे. आणि त्यांनी मुलींच्या हाताला काम दिलं, म्हणजे घेणारीची मान खाली राहिली नाही.

हेच आम्ही वहिनींच्या कर्जाच्या वेळी लक्षात ठेवायचा प्रयत्न केला. बैठकीत कोणी म्हणालं, बारा हजार माफ करून टाकू. ऐकायला छान वाटतं. पण ते पैसे आम्हा सगळ्यांच्या बचतीचे, आणि वहिनींनीच निरोप पाठवला होता, की माफी नको, मुदत द्या. म्हणून आम्ही हप्ता हजाराचा पाचशे केला, मुदत दोन वर्षांची केली, आणि दंड माफ करायचा ठराव मांडला.

तेव्हा आमच्यातली एक जण उठली. म्हणाली, "माझा पोरगा टायफॉइडनं पडला होता, तेव्हा माझ्याकडून साठ रुपये दंड घेतला. तेव्हा कोणाला प्रीती आठवली नाही. आणि माझ्या घरी पाणी भरायला कोण आलं होतं?"

कोणाकडेच उत्तर नव्हतं. ती बोलत होती ते खरं होतं. ती जरा फटकळ आहे, म्हणून आम्ही तिच्याकडे गेलो नव्हतो. गोड बोलणारीच्या घरी जायला सगळ्यांना आवडतं. शोमरोन्याची गोष्ट ऐकून आम्ही माना डोलावल्या होत्या, पण आमच्याच सतरंजीवर बसलेल्या बाईला आम्ही वाटेवर टाकून पुढं गेलो होतो. आम्ही तिची माफी मागितली. घरात आजारपण असेल तर दंड नाही, असा नियम सगळ्यांसाठी इतिवृत्तात लिहिला. आणि तिचे साठ रुपये परत केले. तिनं ते मोजून घेतले. लगेच काही गोड झालं नाही. पुढच्या दोन बैठकांत ती घुश्शातच होती. मग हळूहळू बोलू लागली.

वहिनींचे हप्ते सुरू झाले, मध्ये एक-दोन चुकले, पण सुरू राहिले. आजींचं रेशनकार्डही काढून दिलं. चार खेपा झाल्या, दोघी-दोघी आळीपाळीनं गेलो. उशीर झाला होता, तो भरून निघणारा नव्हता. पण आता आजींच्या घरी कोणी ना कोणी जातं.

तुम्हाला तुमच्या गटात हे करून पाहायचं असेल, तर आम्ही काय करतो ते सांगतो. फार काही नाही.

आमच्या बैठकीत हजेरी, बचत आणि कर्जाचं झालं, की शेवटी एक प्रश्न असतो. कोणाकडे परत जायचंय? एखादं नाव निघतं. कोण जाणार आणि कोणत्या वारी जाणार, हे तिथंच ठरतं, नाहीतर 'जाऊ कधीतरी' म्हणजे कोणीच जात नाही. शक्यतो दोघींनी जायचं. गेल्यावर 'काही लागलं तर सांगा' असं म्हणायचं नाही, कारण लाजेनं कोणी सांगत नाही. समोर दिसेल ते काम धरायचं. भांडी असतील तर भांडी, पोराचा अभ्यास असेल तर अभ्यास, अर्ज असेल तर अर्ज. काहीच नसेल तर नुसतं बसायचं. फोटो काढायचा नाही. त्या घरातलं नळावर बोलायचं नाही. पैशाची देवघेव हातातल्या हातात नाही, गटातूनच. आणि एखाद्या घरात बाईला मारहाण होत असेल, तर नुसतं पाणी भरून भागत नाही. तिथं तिला एकटीला समजावून परत येणं म्हणजे याजकासारखं बघून निघून जाणं आहे. १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करायचा, आणि तिच्याबरोबर उभं राहायचं.

आणि सगळं आपल्यालाच जमेल असंही नाही. शोमरोन्यानंही त्या माणसाला धर्मशाळेत दुसऱ्याच्या हाती सोपवलं, कारण त्याला स्वतःचं कामही होतं. आपल्याला घर आहे, पोरं आहेत, मजुरी आहे. म्हणून तर गट आहे. आज मी, उद्या तू.

येत्या नाताळात ख्रिस्ती घरांतून फराळाची ताटं शेजारीपाजारी जातील, जशी दिवाळीत आमच्याकडे येतात. ताट देऊन दारातूनच परत येऊ नका. आणि ताट लगेच रिकामं करून मागू नका. ते तिथंच राहू द्या. सण होऊन गेला, पाहुणे गेले, की आठ-दहा दिवसांनी ताट आणायला म्हणून त्या घरी जा. आणि थोडा वेळ बसा.